तीन फळ्यांची वाट

आर्वो पुर्मोनेनला जाऊन वर्ष होईल आता. पाइनवर त्याची खूण का कोरली नाही, असं चर्चच्या गावातल्या बायका मला अजून विचारतात. मी त्यांना कॉफी ओतून देते आणि विषय बदलते. पण किती दिवस बदलणार? शिवाय या घरात मी एकटी राहते असा पोस्टमनचा समज आहे आणि तो माझ्याकडे रोज कीव आल्यासारखा बघतो, त्याने माझं डोकं फिरतं. तेव्हा एकदा सगळं सांगूनच टाकते.

आर्वो हा माझ्या थोरल्या बहिणीचा, केर्तूचा, नवरा. चाळीस वर्षं त्याने कुइक्काव्हारा पालिकेच्या जंगलवाटा राखल्या. झाडांवर निळे ठिपके रंगवायचे, शेकोटीच्या आडोशांना लाकूड पुरवायचं, कुजलेल्या पायऱ्या बदलायच्या आणि दलदलीवर फळ्या टाकायच्या, हे त्याचं काम. पाहुणे येतात, तळं बघतात, करकोचे बघतात, फोटो काढतात, आणि ज्या फळीवर उभे राहून काढतात ती कोणी टाकली हे त्यांच्या गावीही नसतं. आर्वोला त्याचं काही नव्हतं. हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले चार कुत्र्याशी. कुत्रा मेल्यावर सहाच उरले.

मी साइमी. माझा नवरा गेला तेव्हा बहिणीकडे चार दिवस राहायला म्हणून आले ती आलेच. पुढच्या खोलीत उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी कॉफी आणि वेलदोड्याचे पाव ठेवते. माझी जीभ तिखट आहे, मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको. पण आर्वोची गोष्ट माझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, कारण तिच्यातलं अर्धं पाप माझं आहे.

आमच्या घरापासून चर्चचं गाव रस्त्याने अठरा किलोमीटर, तळ्याला वळसा घालून. दलदलीतून सरळ गेलं तर दोन. पूर्वी हिवाळ्यात दलदल गोठली की मढं घोड्याच्या गाडीवर घालून तिकडूनच चर्चला न्यायचे. दलदल संपली की पलीकडे एक कोरडं टेकाड आहे, त्यावर जुने पाइन आहेत. तिथे थांबायचं, घोट घोट दारू घ्यायची, एका पाइनच्या खालच्या फांद्या छाटायच्या आणि सालीत क्रॉस, मेलेल्याच्या नावाची अक्षरं आणि साल कोरायचं. याला आम्ही कार्सिक्को म्हणतो. मेलेला माणूस कबरीतून उठून घरी निघालाच, तर वाटेत त्याला स्वतःचं नाव दिसतं. मग त्याला कळतं, अरे, आपण तर गेलो. आणि तो मुकाट्याने परत फिरतो.

बाकीच्या घरांनी हे केव्हाच सोडलं होतं. पुर्मोनेनांनीही आर्वोच्या आजीनंतर सोडलं होतं. केर्तू गेली त्या सकाळी मी हट्टाला पेटले.

"नको," आर्वो म्हणाला.

"का नको? तुझ्या आजोबांची खूण आहे, आजीची आहे, माझ्या बहिणीचीच तेवढी जड झाली का तुला?"

"साइमी, नको."

"लोक काय म्हणतील?"

लोक काहीही म्हणणार नव्हते. निम्म्यांना ते पाइन कुठे आहेत हेही माहीत नव्हतं. पण मी इतकी बडबडले, इतकी रडले, की शेवटी त्याने पटाशी उचलली, गेला, आणि कोरून आला. अक्षरं सुबक होती. हात कधी हलायचा नाही त्याचा. मला त्या दिवशी चार घास गोड लागले, आणि का लागले ते माझं मलाच माहीत होतं. केर्तू परत यायला नको होती मला.

कारण हे असं. फेब्रुवारीत केर्तू अंगणात बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ झाला, मग तिला चर्चच्या गावातल्या दवाखान्यात आणून ठेवलं. एप्रिल उजाडला. ती म्हणायची, मला घरी न्या, मला माझ्या खिडकीतून बघायचंय. डॉक्टरही हो म्हणाले. पण एप्रिलमध्ये आमचा रस्ता रस्ता राहतो कुठे? खालचं गोठलेलं सुटतं आणि वर नुसती लापशी होते. रुग्णवाहिका तर सोडाच, दुधाची गाडीही फिरकत नाही. केर्तू रोज संध्याकाळी मला फोन करायची. जास्त बोलायला तिला दम नव्हता. एकच विचारायची.

"रस्ता सुकला का?"

"नाही गं, अजून नाही."

तीन दिवस मी खरं सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळपासून खणखणीत ऊन आणि वारा. दुपारी पोस्टाची गाडी थेट दारात आली, चाकांना चिखल नाही. मी ती डोळ्यांनी बघितली. आणि संध्याकाळी फोन वाजला तेव्हा म्हणाले, "नाही गं. अजून चिखलच आहे."

मी थकले होते हो! माझा नवरा मी याआधी घरातच, याच हातांनी, सात महिने मरताना पाहिला होता. पुन्हा ते भांडं, पुन्हा ती चादर, पुन्हा तो श्वासाचा आवाज भिंतीपलीकडून. मला फक्त एक आठवडा झोप हवी होती. एवढंच. मग आणूच की तिला, असं मी स्वतःला सांगत होते. आर्वो त्या दिवसांत रोज दलदलीतून काठी टेकत पायी जायचा तिला भेटायला, आणि गुडघ्यापर्यंत भिजून परत यायचा. चौथ्या दिवशीही ओल्या बुटांनीच आला. मला हायसं वाटलं. रस्ता सुकलाय हे त्याला कळलेलं नाही म्हटलं. ओले बूट उंबऱ्यावर काढून, पुसून ठेवले त्याने, कारण केर्तूचा तसा दंडक होता. चिखलाचा पाय घेऊन कोणी आत आलं तर पाद्री असला तरी ती त्याला बाहेर काढायची.

पाचव्या दिवशी मी पुन्हा "नाही" म्हणाले. सहाव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला.

पुढच्या वर्षी पालिकेत पर्यटनाचं बघायला पिन्या नावाची मुलगी आली. अठ्ठावीस वर्षांची, अखंड बडबड, पायात पांढरे बूट. कुठून तरी तिला आमच्या पाइनचं कळलं आणि तिने उडीच मारली. चर्चपासून वाट काढायची, कार्सिक्को दाखवायचे, दलदल ओलांडून जुन्या शेतघरात कॉफी. नकाशा घेऊन ती आमच्या टेबलावर बसली. आर्वो तेव्हा निवृत्त होता आणि नव्या वाटेचं नाव काढलं की उठून जायचा. मी म्हटलं, आता उठेल. तो बसून राहिला.

"मी करतो," म्हणाला.

तीन उन्हाळे लागले त्याला. पालिकेचा नियम म्हणजे दोन फळ्या शेजारी शेजारी, माणसं एकामागे एक चालतील इतक्या. आर्वोने पहिल्याच दिवसापासून तीन टाकल्या. पिन्या आली, तिने पाहिलं.

"आर्वो, कागदावर दोन आहेत."

"हो."

"मग तीन का?"

"रुंद होते."

"ते दिसतंय! पण कशाला?"

आर्वोने पुढचा खिळा ठोकला. त्याचे त्या दिवसाचे शब्द संपले होते. पिन्याने हात टेकले आणि जादा लाकडाची सोय करायला गेली. मला वाटलं, म्हातारपणी तोल जातो, स्वतःसाठीच करत असेल. इतकंच वाटलं मला, शपथ.

मग पाट्या आल्या. त्यातली एक तपकिरी पाटी, तिच्यावर पांढरा कप आणि पांढरा बाण: कॉफी, १.९ किमी. ती वाटेच्या तोंडाशी खांब पुरून लावायची होती. आर्वोने ती पाइनवर लावली. कुठल्या? केर्तूच्या. आणि कुठे? बरोब्बर तिच्या खुणेवर. क्रॉस झाकला, अक्षरं झाकली, साल झाकलं, आणि वर बाण, आमच्या दाराकडे.

गावात एकच गिल्ला झाला. पिन्याला तर झाड कोणाचं हेही माहीत नव्हतं, ती बिचारी सगळ्यांची माफी मागत सुटली. मी घरी आर्वोला धरलं.

"अकलेचे तारे तोडलेस! मेलेल्या बाईला घरचा पत्ता दाखवतोस तू?"

"कॉफीचा आहे," तो म्हणाला.

मी पक्कड घेऊन स्वतः गेले पाटी काढायला. चार इंची खिळे होते, आणि त्याने ठोकलेले. माझ्याच्याने निघाले नाहीत. परत येताना दलदलीवर ऊन होतं, कापूसगवत हलत होतं, माझ्यामागे कोणीही नव्हतं. तरी मी धावत घरी आले, पासष्टी उलटलेली बाई.

पाइनजवळ लाकडी आडोसा आहे, त्यात पाहुण्यांची वही असते. आलेल्याने नाव लिहायचं, हवा कशी होती ते लिहायचं. वही भरली की नवी ठेवणं, पेन्सिल तासून ठेवणं हे माझ्याकडे. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी वही घरी आणली आणि कॉफी पीत चाळायला लागले. चिलटं फार. सुंदर शांतता. करकोचे दिसले. आणि मग ताम्पेरेच्या एका जोडप्याने लिहिलेलं: पाइनजवळ एक आजी भेटल्या, पायात लोकरीचे मोजेच फक्त. वाट सुकली का, विचारत होत्या. आम्ही म्हणालो, पुढे अजून पाणी आहे, तर परत गेल्या. त्यांच्या घरच्यांनी लक्ष ठेवावं.

माझ्या हातातला कप खाली बशीत आपटला. ते पान मी फाडलं आणि चुलीत घातलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तीन पानं फाडली. आता ती पाइनजवळ नव्हती, दलदलीच्या मधोमध, बाकाजवळ होती. आर्वोच्या फळ्या जिथवर पोचल्या होत्या तिथवर. काही जर्मन सायकलवाल्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं होतं, चर्चगावच्या शाळेतल्या बाईंनी ते वाचून दाखवलं म्हणून मला कळलं: एक म्हातारी काहीतरी विचारत होती, भाषा कळेना, म्हणून आम्ही आमचे भिजलेले बूट दाखवले. तिने मान हलवली आणि वळली.

ते वाचून मी रडले. भीतीने रडले, की तिला नुसत्या मोज्यांनी परत जाताना डोळ्यांपुढे आणून रडले, माहीत नाही. अनोळखी माणसं तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, जे मी सांगितलं होतं. फक्त ती माणसं खरं बोलत होती.

पिन्याला इंटरनेटवरून कळलंच. लोकांनी तिकडेही लिहून ठेवलं होतं. ती धापा टाकत आली.

"साइमी, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे? लोक एस्टोनियाहून विचारतायत! आपण एक फलक लावू या, 'वाट विचारणारी आजी' असा, संध्याकाळच्या खास सहली काढू, कंदील देऊ..."

"फलक लावलास तर तोच तुझ्या डोक्यात घालीन," मी म्हणाले.

ती एवढीशी झाली. "मी काही चुकीचं बोलले का?"

"ती माझी बहीण आहे."

मग ती बसली. मी तिला केर्तूबद्दल सांगितलं, खुब्याचं, दवाखान्याचं, रस्त्याचं. चौथ्या दिवसाचं नाही सांगितलं. पोरगी मुसमुसून रडली, दोन पाव खाल्ले आणि पुन्हा फलकाचं नाव काढलं नाही.

आर्वोला वहीबद्दल मी कधीच काही बोलले नव्हते. पण तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा त्याला डबा द्यायला गेले, तर तो आडोशात बसून वही वाचत होता. बोट ओळीवर ठेवून. मला बघितल्यावर त्याने वही मिटली, पेन्सिल तिच्यावर नीट ठेवली आणि विचारलं, "फळ्या किती उरल्यात कोठारात?"

"बघायला हवं."

"पुरतील," तो स्वतःशीच म्हणाला. त्या उन्हाळ्यात तो रविवारीही काम करायला लागला. ओठ निळे पडायचे, बसायचा, पुन्हा उठायचा. मी ओरडायची सोय राहिली नव्हती, ऐकतच नव्हता. सप्टेंबरात, घरापासून वीस मीटरवर, हातोडा हातात असतानाच तो ओल्या गवतात बसला आणि त्याला उठता येईना. हृदय. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे काठीपेक्षा जड काही उचलायचं नाही.

म्हणजे वाट माझ्या खिडकीपासून वीस मीटरवर संपली. वहीतलं त्या वर्षीचं शेवटचं पान मी फाडलं नाही, पण त्यातलं वाक्य अजून पाठ आहे: फळ्या संपतात तिथे एक आजी उभ्या होत्या, घराकडे बघत.

हिवाळाभर मी त्या बाजूचा पडदा ओढून ठेवला. आर्वो रोज सकाळी उघडायचा, मी रोज लावायचे.

एप्रिलमध्ये, बर्फ जायच्या बेतात, तो अंगणात कोसळला. रस्ता अजून गोठलेला होता, गाडी आली, घेऊन गेली. त्याच दवाखान्यात. दोन दिवसांनी थंडी सरली आणि रस्त्याची लापशी झाली. नर्स मला फोनवर म्हणाली, करण्यासारखं काही राहिलेलं नाही, ते फार कुरकुर करत नाहीत, पण घरी जायचं म्हणतायत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला, पलीकडे आर्वो.

"साइमी."

"बोल."

"रस्ता सुकला का?"

आणि गंमत बघा, या वेळी "नाही" म्हटलं असतं तरी ते अगदी खरं होतं. मी खिडकीत उभी होते, समोर चाकं बुडतील असा चिखल होता. कोणीही मला दोष दिला नसता. मीही दिला नसता.

"रस्ता नाही सुकला," मी म्हणाले. "पण तू थांब. मी येते न्यायला. ऐकतोयस का? मरायचं नाही, मी येते."

केर्तूला सहा दिवस मिळाले होते. मी मनात तेवढेच धरले.

फळ्या कोठारात रचलेल्या होत्या, त्यानेच रचलेल्या, कापून, मोजून. मी पिन्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या बाजूने वाट तुडवत आली, या वेळी रबरी बूट घालून. पंधरा फळ्या, खालचे आडवे ओंडके, खिळे. दोघींपैकी एकीलाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी ओंडका धरायची, ती खिळा वाकवायची. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगठ्यावर हातोडा बसला आणि तिने अशी एक शिवी दिली की मला ती पहिल्यांदाच मनापासून आवडली. एकदा घाम पुसताना ती म्हणाली, "मला आत्ता कळलं, साइमी, तीन फळ्या का ते."

"का?"

"चाकाची खुर्ची मावते."

मी हातातली फळी खाली ठेवली. तीन वर्षं ती वाट माझ्या नाकासमोर होती. तो पाहुण्यांसाठी काही करतच नव्हता. त्या एप्रिलमध्ये जी वाट हवी होती, ती तो आता बांधत होता.

पाचव्या दिवशी सकाळी शेवटचा खिळा बसला. दवाखान्यात नर्सने आर्वोला घोंगडीत गुंडाळून चाकाच्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर त्याची टोपी घातली आणि मला विचारलं, "पण नेणार कुठून?" मी म्हटलं, त्याच्या वाटेने.

ऊन होतं. आर्वोचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण डोळे लख्ख. पिन्याला औषधांची पिशवी देऊन मागून यायला सांगितलं, मी खुर्ची ढकलत होते. चाकं फळ्यांवरून टकटक टकटक जात होती. टेकाडावर पाइनजवळ पोचलो तेव्हा त्याने हात वर केला.

"थांब."

मी थांबले. पाटीवरचा बाण उन्हात चमकत होता. आर्वो तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तिला सांग."

"काय सांगू?"

"सुकली म्हणून. ती सगळ्यांना विचारते. सगळे नाही म्हणतात."

आता लपवण्यात काय अर्थ होता? "आर्वो," मी म्हणाले, "तो रस्ता सुकला होता. चौथ्या दिवशीच. मी बघितलं होतं. मी तिला खोटं सांगितलं. मला भीती वाटली रे, मला पुन्हा सगळं करायचं नव्हतं. माझ्यामुळे ती तिथे एकटी गेली."

त्याची मान छातीवर झुकली. मला वाटलं, गेला की काय.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "सुकला होता. चौथ्या दिवशी मी पोस्टाच्या गाडीतूनच परत आलो."

"पण तुझे बूट ओले होते! मी पाहिले!"

"फाट्यावर उतरलो. डबक्यात बुडवले. मग घरात आलो."

मी खुर्ची सोडून त्याच्या समोर आले.

"पाचव्या दिवशी तिने मला विचारलं," आर्वो म्हणाला. आयुष्यात एका दमात इतकं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. "माझा हात धरून विचारलं. मीही नाही म्हणालो. ती माझ्यासमोर, माझ्या पलंगावर जीव सोडेल, ते मला बघवणार नव्हतं. म्हणून मी नाही म्हणालो. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, साइमी. त्या दिवशी ते कोरडे होते."

म्हणजे तिला कळलं होतं. चार वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर बसून, एकमेकांपासून तेच झाकत, तीच कॉफी पीत होतो, आणि तिला कळलेलं होतं. मी खाली फळीवर बसले आणि त्याच्या घोंगडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलत होता आता.

मग मी उठले. पाटीवर, तिच्या नावाच्या वर, तळवा ठेवला. "केर्तू," मी म्हणाले, "वाट सुकली गं. ये."

"सुकली," आर्वो म्हणाला. "चल घरी."

काही झालं नाही. कुठेतरी करकोचा ओरडला. मी खुर्ची वळवली आणि दलदलीवर निघाले, टकटक टकटक. बाकापाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चाकांच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळलाय. लाकडावर काठी टेकल्याचा. एक पाऊल, एक काठी, मोडक्या खुब्याच्या माणसाची चाल. मी मान वळवली नाही. आर्वोनेही नाही. त्याने फक्त डोळे मिटले आणि डावा हात खुर्चीबाहेर सोडला, तळवा उघडा ठेवून, आणि घर येईपर्यंत तो हात आत घेतला नाही.

आमच्या वीस मीटरवर खुर्ची गचके खायला लागली.

"या कोणी बसवल्या?" डोळे न उघडता त्याने विचारलं. "गाढवाने?"

"दोन गाढवांनी," मी म्हणाले.

तो हसला. त्यानंतर तो अकरा दिवस जगला, पडदा उघडा ठेवून, खिडकीशी. पाइनवर मी त्याचं नाव कोरू दिलं नाही, आणि का दिलं नाही ते आता कोणी विचारू नये.

पण त्या दिवशी दारात काय झालं तेवढं सांगायचं राहिलं. मी खुर्ची उंबऱ्याशी आणली आणि मागून पिन्या धावत आली, पिशवी छातीशी धरून, गाल लाल. ती दबक्या आवाजात म्हणाली, "साइमी, मागे त्या आजी आल्यात, फळीच्या टोकाला थांबल्यात. पायांकडे बघतायत. त्यांना काय सांगू?"

मी दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. "आत ये म्हणावं," मी म्हणाले. "पाय कोरडे आहेत."